तीनशे आठ किलोमीटर आणि एक तास

अंतर भागिले वेग म्हणजे वेळ, हे सूत्र आपण पाचवी-सहावीपासून शिकवतो. त्यावरची उदाहरणेही ठरलेली असतात. एक आगगाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जाते, तर २४० किलोमीटर जायला तिला किती वेळ लागेल? विद्यार्थी चार तास असे उत्तर लिहितो आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. हेच सूत्र कोल्हापूर ते मुंबई या विमानप्रवासाला लावून पाहावे. दोन्ही विमानतळांतील हवाई अंतर सुमारे ३०८ कि.मी. आहे. जेट विमानाचा वेग ताशी ८०० कि.मी. धरला तर उत्तर येते २३ मिनिटे. तिकिटावर मात्र सुमारे एक तास छापलेला असतो. मग सूत्र चुकले, की तिकीट?

दोन्ही बरोबर आहेत. चूक आहे ती प्रवासभर वेग एकच असतो आणि सगळा वेळ अंतर कापण्यातच जातो, या न बोलता धरलेल्या गृहीतात. हे गृहीत तपासताना भूगोल, भूमिती आणि बीजगणित यांची चांगली उजळणी होते. शिवाय लहान गावांच्या विमानसेवेविषयी एक उपयोगी निष्कर्षही हाती लागतो.

अंतर कसे काढावे?

पेठ वडगाव हे हातकणंगले तालुक्यातील गाव पुणे-बंगळूर महामार्गालगत आहे. तेथून दक्षिणेला सरळ रेषेत सुमारे १९ कि.मी. अंतरावर उजळाईवाडीचा कोल्हापूर विमानतळ आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली तो बांधला गेला आणि त्यांचेच नाव त्याला दिलेले आहे. तेथून मुंबईचे अंतर काढायला वर्गात एक नकाशासंग्रह पुरेसा आहे.

मीटर हे एकक ठरवताना फ्रेंच शास्त्रज्ञांनी विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग घेतला होता. म्हणजे ९० अंशांचे अंतर झाले १०,००० कि.मी. त्याला ९० ने भागले की एका अक्षांशाचे अंतर मिळते सुमारे १११ कि.मी. एका अंशाचे ६० भाग केले की प्रत्येक भाग, म्हणजे एक मिनिट, येतो १.८५२ कि.मी. यालाच सागरी मैल म्हणतात. जहाजाचा कप्तान आणि वैमानिक आजही हाच मैल वापरतात, कारण नकाशावरचे अंशमिनिट मोजले की मैल आपोआप मिळतात.

रेखांशांचे तसे नाही. विषुववृत्तावर दोन रेखांशांत १११ कि.मी. अंतर असते, पण उत्तरेकडे जावे तसे ते कमी होत जाते आणि ध्रुवावर शून्य होते. म्हणून रेखांशातील फरकाला त्या ठिकाणच्या अक्षांशाच्या कोज्येने गुणावे लागते.

आता कोल्हापूर विमानतळ घेऊ: १६ अंश ४० मिनिटे उत्तर, ७४ अंश १७ मिनिटे पूर्व. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ: १९ अंश ५ मिनिटे उत्तर, ७२ अंश ५२ मिनिटे पूर्व. अक्षांशांतील फरक २ अंश २५ मिनिटे, म्हणजे १४५ मिनिटे. रेखांशांतील फरक १ अंश २५ मिनिटे, म्हणजे ८५ मिनिटे. सरासरी अक्षांश सुमारे १७ अंश ५२ मिनिटे. त्याची कोज्या ०.९५२. ८५ ला ०.९५२ ने गुणले की येतात ८०.९. आता काटकोन त्रिकोणाच्या दोन भुजा मिळाल्या: १४५ आणि ८०.९ सागरी मैल. पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण येतो १६६ सागरी मैल. त्याला १.८५२ ने गुणले की उत्तर सुमारे ३०८ कि.मी.

पृथ्वी गोल असताना सपाट कागदावरचे प्रमेय कसे चालले, असे एखादा विद्यार्थी विचारील. विचारायलाच हवे. तीनशे किलोमीटर ही लांबी पृथ्वीच्या ६,३७१ कि.मी. त्रिज्येच्या मानाने इतकी लहान आहे, की गोलाईमुळे पडणारा फरक आपल्या हिशेबात दिसतच नाही. अंतर हजारो किलोमीटर झाले की मात्र प्रमेय उपयोगी पडत नाही. त्याकडे पुढे येऊ.

हेच अंतर महामार्गाने सुमारे ३७५ कि.मी. आहे, आणि रेल्वेने ५१८ कि.मी. रस्ता घाट, नद्या आणि वाटेतली गावे पाहून वळतो. रेल्वेला चढाव त्याहून कमी सोसतो. शिवाय कोल्हापूरची गाडी आधी पूर्वेला मिरजेस जाते आणि मग सातारा-पुण्याकडे वळते. दोन गावांमधले अंतर किती, या प्रश्नाचे उत्तर कशाने जायचे हे ठरल्याशिवाय देता येत नाही.

उरलेली मिनिटे कोठे गेली?

तिकिटावरची वेळ विमान आकाशात असल्याची वेळ नसते. विमान उभ्या जागेवरून हलते तेव्हा ती सुरू होते आणि दुसऱ्या विमानतळावर ठरल्या जागी थांबते तेव्हा संपते. म्हणून धावपट्टीपर्यंत जमिनीवरून चालत जाणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे आणि उतरल्यावर पुन्हा जागेपर्यंत येणे हे सारे तिच्यात मोडते. गर्दीच्या विमानतळावर एवढ्यातच पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवरून स्वतंत्रपणे, एकाच वेळी विमाने उतरवता येत नाहीत, आणि येणाऱ्या विमानांना कधी कधी आकाशात घिरट्या घालत थांबावे लागते.

दुसरे कारण दिशेचे. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन उडते आणि उतरते, आणि तेही धावपट्टीच्या दिशेनेच. कोल्हापूरहून मुंबई वायव्येस, थोडी उत्तरेकडे झुकलेली आहे. कोल्हापूरची धावपट्टी मात्र साधारण पूर्व-पश्चिम आहे. मुंबईची मुख्य धावपट्टीही पूर्व-पश्चिमच. म्हणजे निघताना एक वळण आणि उतरताना दुसरे वळण ठरलेलेच. विमानाचा मार्ग ३०८ किलोमीटरच्या सरळ रेषेपेक्षा नेहमीच काहीसा लांब असतो.

तिसरे कारण सर्वांत रंजक आहे. ताशी ८०० कि.मी. हा वेग विमानाला दहा-अकरा किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेत मिळतो. विमान उतरते ते साधारण तीन अंशांच्या उतारावरून. तीन अंशांच्या स्पर्शकाची किंमत सुमारे ०.०५२, म्हणजे एकोणिसास एक. एक किलोमीटर खाली यायला एकोणीस किलोमीटर पुढे जावे लागते. मग दहा किलोमीटर उंचीवरून उतरायला सुमारे १९० कि.मी. लागतील. चढायलाही जवळजवळ तितकेच अंतर लागते. दोहोंची बेरीज ३०८ च्या पुढे जाते! याचा अर्थ असा, की कोल्हापूर-मुंबई प्रवासात जेट विमान आपल्या नेहमीच्या उंचीपर्यंत चढेपर्यंतच उतरायची वेळ झालेली असते. त्याला कमी उंचीवर, कमी वेगाने जावे लागते. अशा टप्प्यासाठी ताशी ५०० कि.मी. वेगाचे पंख्याचे विमान, म्हणजे टर्बोप्रॉप, फारसे मागे पडत नाही ते यामुळेच.

आरंभबिंदूतून न जाणारी रेषा

आता हे सगळे एका आलेखात पाहू. मुंबईहून चार शहरांची हवाई अंतरे आणि वेळापत्रकातील सर्वसाधारण वेळा अशा आहेत:

नागपूर: ६८० कि.मी., ९० मिनिटे.
बंगळूर: ८३० कि.मी., १०५ मिनिटे.
दिल्ली: १,१४० कि.मी., १३० मिनिटे.
कोलकाता: १,६७० कि.मी., १६५ मिनिटे.

विमान, दिवस आणि वेळ यांनुसार या वेळा पाच-दहा मिनिटे इकडेतिकडे होतात. आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर मिनिटे घेऊन हे चार बिंदू मांडावेत आणि त्यांच्या जवळून जाणारी एक रेषा पट्टीने काढावी. रेषा बरी सरळ येते, पण ती आरंभबिंदूतून जात नाही. उभ्या अक्षाला ती सुमारे ४० मिनिटांवर छेदते. तिचा चढ मोजला तर दर १३-१४ किलोमीटरला एक मिनिट, म्हणजे ताशी सुमारे ८०० कि.मी. हा वेग मिळतो.

विद्यार्थ्यांना हे समीकरण ओळखीचे आहे: य = मक्ष + क. येथे य म्हणजे वेळ, क्ष म्हणजे अंतर. चढ म सांगतो विमानाचा आकाशातला वेग. अंतःखंड क सांगतो अंतराशी संबंध नसलेला, प्रत्येक प्रवासाला एकदाच द्यावा लागणारा वेळ. धावपट्टीकडे जाणे, वळणे, चढता-उतरताना कमी झालेला वेग, रांगेतले थांबणे हे सारे त्या चाळीस मिनिटांत आहे. रेषा डावीकडे वाढवून ३०८ कि.मी.वर पाहिले तर ६३ मिनिटे दिसतात. तिकिटावरचा एक तास तो हाच.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. मुंबई-दिल्ली प्रवासाचा सरासरी वेग काढला तर ताशी सुमारे ५२५ कि.मी. येतो आणि कोल्हापूर-मुंबईचा ३०८. विमान तेच असले तरी अंतर कमी झाले की सरासरी वेग घसरतो, कारण चाळीस मिनिटांची पट्टी लहान प्रवासातही तितकीच मोठी असते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईच्या जुहू येथे उतरले. त्यांच्या लहानशा पुस मॉथ विमानाचा वेग ताशी १६० कि.मी.च्या आसपास होता. त्या वेगाने ३०८ कि.मी.ला दोन तासांहून थोडा कमी वेळ लागेल. आज विमानाचा वेग पाचपट झाला, पण या टप्प्यावरचा वेळ मात्र निम्माच झाला आहे.

लांबच्या प्रवासात दोरा ताणून पाहा

वडगावच्या पंचक्रोशीतली मुलेही आता शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत आहेत. त्यांचा प्रवास म्हणून मुंबई ते न्यूयॉर्कजवळचे नेवार्क हे उदाहरण घेऊ. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवली तर मार्ग अरबस्तान, इजिप्त, अल्जीरिया असा जाऊन अटलांटिक ओलांडतो. आता वर्गातील पृथ्वीगोल घ्यावा आणि मुंबई व नेवार्क यांच्यामध्ये दोरा घट्ट ताणावा. दोरा हेरात आणि सेंट पीटर्सबर्ग यांच्या जवळून जातो, आइसलंडच्या पूर्वेला ६५ अक्षांशापर्यंत चढतो आणि कॅनडाच्या क्वेबेक प्रांतावरून खाली येतो.

ताणलेला दोरा नेहमी सर्वांत आखूड मार्ग दाखवतो. गोलावर तो मार्ग बृहत् वृत्ताचा, म्हणजे गोलाच्या मध्यातून काप घेतल्यावर मिळणाऱ्या वर्तुळाचा, भाग असतो. दोऱ्याने दाखवलेले अंतर सुमारे १२,५५० कि.मी. आहे. पट्टीने काढलेल्या मार्गाने, होकायंत्राची दिशा न बदलता गेलो तर ते १४,२४० कि.मी. भरते. फरक जवळजवळ १,७०० किलोमीटरचा, म्हणजे दोन तासांहून जास्त उड्डाणाचा. नकाशावर सरळ दिसणारी रेषा सर्वांत जवळची नसते, हे विद्यार्थ्यांना तोंडी सांगण्यापेक्षा दोऱ्याने दाखवणे बरे.

वरच्या वर्गांसाठी सूत्रही सोपे आहे. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांच्या ज्यांचा गुणाकार करावा. दोन्ही अक्षांशांच्या कोज्या आणि रेखांशांतील फरकाची कोज्या यांचा गुणाकार त्यात मिळवावा. बेरीज म्हणजे दोन ठिकाणांमधल्या कोनाची कोज्या. त्या कोनाचे अंश गुणिले १११.२ म्हणजे किलोमीटरमधील अंतर.

प्रत्यक्षात विमाने दोऱ्याच्या मार्गाने तंतोतंत जात नाहीत. हवामान, ठरलेले हवाई मार्ग आणि देशांच्या हवाई हद्दी आड येतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली, ती जुलै २०१९ मध्ये खुली झाली. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना ती पुन्हा बंद झाली. अशा वेळी पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा घ्यावा लागतो. भूमितीने दिलेले अंतर हे किमान अंतर असते, एवढेच खात्रीने म्हणता येते.

वारा, आणि एक गैरसमज

मुंबईहून नेवार्कला जाताना परतीच्या प्रवासापेक्षा साधारण एक ते दीड तास जास्त लागतो. याचे कारण वर्गात विचारले तर हमखास एक उत्तर येते: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून. हे उत्तर चुकीचे आहे आणि ते तपासणेही सोपे आहे. वडगावची जमीन पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १,६०० कि.मी. वेगाने पूर्वेकडे जाते आहे. विमान उडाल्यावर पृथ्वी खालून सरकत असती, तर पश्चिमेकडे जाणारे विमान क्षणात पोहोचले असते आणि पूर्वेकडे जाणारे कधीच पोहोचले नसते. प्रत्यक्षात उलट घडते: पश्चिमेकडे जायलाच जास्त वेळ लागतो. जमीन, हवा आणि विमान ही तिन्ही पृथ्वीबरोबर फिरत असतात, त्यामुळे तो वेग हिशेबात धरावाच लागत नाही.

खरे कारण वाऱ्याचे. मध्य अक्षांशांवर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह किंवा झोतवारे म्हणतात. हिवाळ्यात त्यांतील एक प्रवाह उत्तर भारतावरून वाहतो. विमानाचा वेग हा हवेच्या सापेक्ष असतो. जमिनीवरचा वेग मिळवण्यासाठी त्यात वाऱ्याचा वेग मिळवावा किंवा वजा करावा लागतो.

जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो का? समजा, अंतर १,००० कि.मी., विमानाचा वेग ताशी ८०० आणि वाऱ्याचा १०० आहे. पाठचा वारा असताना ६६.७ मिनिटे लागतील, समोरचा असताना ८५.७. बेरीज १५२.४ मिनिटे. वारा नसता तर जाऊन-येऊन १५० मिनिटे लागली असती. म्हणजे वारा घेतो ते सगळे परत देत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते. नदीच्या प्रवाहातील नावेचे जुने उदाहरण ते हेच.

वडगावच्या दारापासून

आता पुन्हा घरी येऊ. विमानतळ ते विमानतळ एक तास, पण माणूस विमानतळावर राहत नाही. वडगावहून उजळाईवाडीला पाऊण तास, तेथे उड्डाणाच्या दोन तास आधी पोहोचणे, एक तासाचा प्रवास, मुंबईत सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास आणि पुढे शहरात जायला एक तास धरू. एकूण सव्वापाच तास. मोटारीने वडगाव ते मुंबई सुमारे ३६० कि.मी.; सरासरी ताशी ५० कि.मी. धरले तर सव्वासात तास. वाचले दोन तास.

येथे अंतःखंड चाळीस मिनिटांचा राहिला नाही. तो जवळजवळ पाच तासांचा झाला. रस्ता सरळ रेषेपेक्षा १.२ पट लांब असतो असे मानून दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढल्या तर त्या सुमारे २२० कि.मी.वर एकमेकींना छेदतात. त्याहून कमी अंतराला रस्ता बरा, जास्त अंतराला विमान. कोल्हापूर ते पुणे हवाई अंतर सुमारे २१५ कि.मी. आहे, म्हणजे अगदी छेदनबिंदूवर. मुंबई त्याच्या थोडी पुढे आहे, आणि हैदराबाद, सुमारे ४४५ कि.मी., बरेच पुढे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने लहान शहरांसाठी उडान योजना जाहीर केली. एप्रिल २०१७ मध्ये सिमला-दिल्ली या मार्गावर तिचे पहिले विमान उडाले. सुमारे ५०० कि.मी.च्या, एका तासाच्या प्रवासातील ठरावीक जागांना २,५०० रुपयांची मर्यादा तिने सुरुवातीला घातली होती. २०१८ पासून कोल्हापूरही या योजनेत आले, आणि मार्च २०२४ मध्ये येथील नव्या टर्मिनल इमारतीचे उद्घाटन झाले. या सगळ्याचा उपयोग किती, हे आपला आलेख सांगू शकतो. समजा, ताशी ८०० ऐवजी १,६०० कि.मी. वेगाचे विमान आणले. ३०८ कि.मी.ला २३ ऐवजी साडेअकरा मिनिटे लागतील; सव्वापाच तासांतून वाचतील बारा मिनिटे. तपासणीची रांग अर्ध्या तासाने कमी झाली, तर फायदा त्याच्या अडीचपट. आणि सोयीचे विमान आजऐवजी परवा असेल, तर सगळा हिशेब दोन दिवसांनी वाढतो. मुंबईत तपासणीची वेळ मिळालेला रुग्ण किंवा मुलाखतीचे पत्र आलेला विद्यार्थी यांना वेगापेक्षा रोजच्या, न चुकणाऱ्या फेरीची गरज जास्त असते. कोल्हापूरची विमानसेवा आजवर अनेकदा सुरू झाली आणि खंडित झाली. ज्यांना त्या काळात रात्रीची गाडी पकडावी लागली, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

वर्गासाठी उपक्रम असा ठेवता येईल. विद्यार्थ्यांनी आपल्या घरापासून पुणे, मुंबई, हैदराबाद आणि बंगळूर येथे जायला लागणारा वेळ एस.टी., रेल्वे आणि विमान यांसाठी वेगवेगळा काढावा. थांबण्याचा वेळ वेगळ्या रकान्यात लिहावा. प्रत्येक साधनाची रेषा वेगळ्या रंगाने काढावी. कोणत्या रेषेचा चढ कमी आणि कोणत्या रेषेचा अंतःखंड कमी, हे पाहावे. मग एकच प्रश्न विचारावा: आपल्या गावासाठी एक गोष्ट बदलता आली, तर म बदलाल की क? उत्तराबरोबर कारणही लिहायला सांगावे.